आपत्तीच्या घडीला रुग्णसेवकांची सज्जता : एक ऐतिहासिक मागोवा

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा प्रथम मन कचरले. माझे सारे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले. हातात लेखणीपेक्षा मीटरपट्टीच अधिक काळ राहिली. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रुग्ण म्हणून आणि क्वचित देणगीदार म्हणून, एवढाच. तरीही आज या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. वाचकांनी ते एका व्यापाऱ्याने केलेला इतिहासाचा जमाखर्च म्हणून गोड मानून घ्यावे.

धर्मादाय संस्थांनी रुग्णालयांना काय काय दिले, याची यादी मोठी आहे. खोल्या दिल्या, खाटा दिल्या, यंत्रे दिली, रुग्णवाहिका दिल्या. प्रत्येक दानाची संगमरवरी नोंद भिंतीवर आहे आणि ती असावीही. परंतु एखाद्या दिवशी एकाच वेळी पन्नास जखमी दारात आले, तर त्या खोल्यांतील आणि त्या यंत्रांमागील माणसे काय करतील, याचा विचार आपण देणगीदारांनी फारसा केलेला नाही. हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. त्यामागे एक अनुभव आहे. तो आधी सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

एका रात्रीचा अनुभव

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीच्या वेळी वऱ्हाडाची एक बस रस्त्याच्या कडेला उलटली. मालाचा टेंपो घेऊन मी त्याच मार्गाने परतत होतो. गाठोडी उतरवून ठेवली आणि जखमींना टेंपोत घालून जवळच्या रुग्णालयात नेले. आमच्या आधीच काहीजण जीपने, काहीजण चालत तेथे पोहोचले होते. त्यांना फार लागलेले नव्हते, पण दालन मात्र त्यांनीच भरून गेले होते. कामावर एक तरुण डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक मामा. चौघेही जिवाच्या आकांताने धावत होते. जो मोठ्याने ओरडेल त्याच्याकडे सारे जात होते.

या रुग्णालयाला आमच्या कुटुंबाने मातोश्रींच्या स्मरणार्थ पाच स्ट्रेचर दिले होते. त्या रात्री बाहेर दोनच दिसले. उरलेले तीन भांडारखोलीत कुलूपबंद होते, आणि किल्ली भांडारपालाबरोबर त्याच्या गावी गेली होती. नोंदवहीत मात्र पाचही नग व्यवस्थित चढवलेले होते. देणगीच्या पत्रात “वस्तूंची काळजीपूर्वक जपणूक व्हावी” असे वाक्य मीच आग्रहाने घातले होते. त्यांनी ते जपले होते.

भिंतीला टेकून चाळिशीचा एक गृहस्थ शांत बसला होता. अंगावर रक्त नव्हते. मी विचारपूस केली तेव्हा “आधी पोरांकडे बघा,” एवढेच तो म्हणाला. अर्ध्या तासाने कोणाचे तरी लक्ष गेले, तेव्हा तो कलंडला होता. पोटात रक्तस्राव झाला होता, असे नंतर कळले. त्याचे नाव कोणीच लिहून घेतले नव्हते. पहाटे त्याचे नातेवाईक आले आणि खाटेखाटेवर वाकून शोधू लागले, तेव्हा त्यांना काय सांगावे हे आम्हां कोणालाच सुचेना.

त्या चौघांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या मनात दया होती, हातात कौशल्य होते आणि पायांत बळ होते. तरीही काहीतरी नव्हते. जे नव्हते त्याचा शोध घेता घेता मी इतिहासाकडे वळलो.

प्रतवारी : एका शब्दाचा प्रवास

एकाच वेळी अनेक जखमी आले असता कोणाला आधी व कोणाला नंतर, हे ठरविण्याच्या पद्धतीला वैद्यकशास्त्रात ‘ट्रिआज’ म्हणतात. हा शब्द मूळ फ्रेंच, अर्थ निवडणे. त्याचा जुना वापर आमच्याच धंद्यातला आहे. लोकरीची, पुढे कॉफीच्या बियांचीही, प्रत पाहून वेगवेगळे ढीग घालणे, याला ट्रिआज म्हणत. आपण मराठीत ज्याला प्रतवारी म्हणतो, तेच हे. मात्र बाजारात उत्तम माल प्रथम उचलला जातो. रुग्णालयात सर्वांत अधिक धोक्यात असलेला, पण वाचू शकेल असा जीव प्रथम उचलावा लागतो.

या प्रतवारीचे आद्य श्रेय नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डोमिनिक जाँ लारे यांना दिले जाते. त्यांच्या आधी लढाई संपेपर्यंत जखमी सैनिक रणांगणावरच पडून राहत. लारे यांनी १७९२ च्या सुमारास घोड्यांच्या हलक्या गाड्या तयार करून लढाई चालू असतानाच जखमींना उचलून आणण्याची व्यवस्था सुरू केली. त्यांचा दुसरा नियम अधिक क्रांतिकारक होता. हुद्दा पाहू नये, जखम पाहावी. सरदार आणि शिपाई यांच्यात आधी कोण, हे मानाने न ठरता जिवाच्या धोक्याने ठरावे.

१८५४-५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोल येथे रशियन शल्यचिकित्सक निकोलाय पिरोगोव्ह यांनी हीच पद्धत अधिक नेमकी केली. शेकडो जखमी एकदम आले असता डॉक्टरांनी समोर येईल त्याच्यावर उपचार सुरू केले, तर साऱ्यांचीच हानी होते, हे त्यांनी ओळखले. म्हणून पहिले काम उपचार नव्हे, विभागणी. ज्यांच्यावर तत्काळ शस्त्रक्रिया हवी ते एका बाजूस. जे थांबू शकतील ते दुसऱ्या बाजूस. किरकोळ जखमी तिसऱ्या बाजूस. ज्यांच्या वाचण्याची आशा नव्हती, त्यांनाही वाऱ्यावर सोडले नाही. त्यांची शुश्रूषा सेविकांकडे व धर्मगुरूंकडे सोपविली. उपचार करणाऱ्या हातांना काही क्षण थांबवून आधी पाहायला लावणे, ही पिरोगोव्ह यांची शिकवण. आमच्या रात्री नेमके हेच झाले नव्हते.

या परंपरेतील तिसरे नाव एका व्यापाऱ्याचे आहे, म्हणून त्याचा उल्लेख मला विशेष प्रिय आहे. जिनिव्हाचे हेन्री द्युनाँ हे आपल्या धंद्याच्या कामासाठी फ्रान्सच्या सम्राटाची भेट घ्यायला इटलीत गेले होते. २४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनोची लढाई झाली. हजारो जखमी कास्तिल्योने या लहानशा गावात आणून टाकलेले त्यांनी पाहिले. धंदा बाजूला ठेवून त्यांनी गावातील स्त्रियांना एकत्र केले आणि मित्र-शत्रू न पाहता सेवा केली. परंतु त्यांचे खरे मोठेपण पुढे आहे. गावकऱ्यांचा सेवाभाव कितीही थोर असला, तरी ऐन वेळी जमलेली आणि काहीच न शिकलेली माणसे पुरी पडत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून १८६२ मध्ये त्यांनी असे सुचविले की, सेवकांची पथके शांततेच्या काळातच उभारून शिकवून ठेवावीत. त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉसचा जन्म झाला. पुढे द्युनाँ यांचे धंद्यात दिवाळे निघाले, ते विस्मृतीत गेले, आणि १९०१ मध्ये पहिल्या नोबेल शांतता पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले.

तयारीचे फळ : बॉस्टन, १९४२

युद्धभूमीवरील ही शिकवण नागरी रुग्णालयांत किती उपयोगी पडते, याचे उदाहरण अमेरिकेतील बॉस्टन शहरात सापडते. २८ नोव्हेंबर १९४२ च्या शनिवारी रात्री तेथील ‘कोकोनट ग्रोव्ह’ या गर्दीने भरलेल्या नृत्यगृहाला आग लागली. काही दारे बंद होती आणि फिरते दार माणसांच्या रेट्याने अडकले. ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. अगदी थोड्या वेळात बॉस्टन सिटी हॉस्पिटलकडे सुमारे तीनशे, तर मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलकडे ११४ जण आणले गेले. त्यांतील कित्येक दारातच मृत झालेले होते.

योगायोग असा की, त्या वेळी दुसरे महायुद्ध चालू होते आणि हवाई हल्ल्याच्या भीतीने शहरातील रुग्णालये तयारी करून बसली होती. मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये रक्तद्रव्याचा साठा होता, निर्जंतुक पट्ट्यांचे गठ्ठे बांधलेले होते, आणि भाजलेल्या रुग्णावर कोणते उपचार करायचे हे आधीच ठरले होते. जखमी येऊ लागताच एक संपूर्ण मजला रिकामा करून सारे भाजलेले रुग्ण एकाच ठिकाणी ठेवण्यात आले. कोणी कोठे उभे राहायचे, यावर वाद झाला नाही. हल्ला झाला नाही, आग लागली. पण तयारी तीच कामी आली. सज्जतेचे हे वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. ती एका संकटासाठी केली, तरी दुसऱ्या संकटात उपयोगी पडते.

या आगीनंतर एरिक लिंडेमान या मानसोपचारतज्ज्ञाने वाचलेल्यांच्या आणि मृतांच्या आप्तांच्या शोकाचा अभ्यास केला व तो १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. नातेवाईक हेही आपत्तीचे रुग्ण आहेत, ही जाणीव वैद्यकशास्त्रात दृढ होण्यास त्याचा मोठा हातभार लागला.

मुंबईचे चार दिवस

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईच्या रुग्णालयांची नावे वाचली, तर व्यापाऱ्यांची नामावलीच डोळ्यांपुढे येते. सर जमशेटजी जीजीभाईंचे जे. जे. रुग्णालय १८४५ मधले. गोकुळदास तेजपाल, पेस्तनजी होरमसजी कामा, गोरधनदास सुंदरदास ही सारी नावे व्यापारउदिमातली. या शहरावर जेव्हा जेव्हा घाला आला, तेव्हा या दानशूरांच्या वास्तूंनीच जखमींना आश्रय दिला. त्यांतील चार दिवस आठवू.

पहिला दिवस १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठीही होत्या. कापसाची गाठ आतल्या आत कशी धुमसते, हे कापडधंद्यातील माणसाला सांगावे लागत नाही. दुपारी धूर दिसला. चार वाजून गेल्यावर पहिला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा महास्फोट झाला. आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक जवान कामी आले. एकूण मृतांचा अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत केला जातो, आणि सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. अग्निशमन सेवा दिन म्हणून आपण १४ एप्रिल पाळतो तो याच कारणाने. युद्धकाळातील बंधनांमुळे ही बातमी वृत्तपत्रांत कित्येक दिवस येऊ शकली नाही. ज्यांची माणसे गोदीत कामाला होती, त्यांच्यावर खबर शोधत फिरण्याची वेळ आली. माहितीअभावी होणारी ही फरफट पुढील प्रत्येक आपत्तीत पुन्हा दिसते.

दुसरा दिवस शुक्रवार, १२ मार्च १९९३. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि पुढील सुमारे दोन तासांत शहरात एकूण १२ स्फोट झाले. मशीद बंदर, झवेरी बाजार, सेंच्युरी बाजार, दादरचे प्लाझा. व्यापारी माणसाच्या रोजच्या पायाखालची ठिकाणे. २५७ माणसे गेली आणि सातशेहून अधिक जखमी झाली. आपत्ती एकाच ठिकाणी घडते, एकदाच घडते आणि मग संपते, ही समजूत त्या दिवशी खोटी ठरली. पहिल्या तुकडीचे जखमी टेबलावर असतानाच दुसरी तुकडी दारात येते. म्हणून सारे डॉक्टर आणि सारे सामान पहिल्या तासातच खर्ची घालून चालत नाही. व्यापारात शिलकी माल राखतात, तसे काही हात आणि काही खाटा राखून ठेवाव्या लागतात.

तिसरा दिवस मंगळवार, ११ जुलै २००६. संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून अवघ्या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मिरा रोड एवढ्या लांबीवर ते पसरले होते. १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि आठशेच्या आसपास जखमी झाली. दूरध्वनी लागत नव्हते. अशा वेळी रुळांलगतच्या वस्त्यांतील लोकांनी घरातल्या चादरी आणल्या आणि त्यांच्या झोळ्या करून जखमींना उचलले. आयुष्यभर चादरी विकलेल्या माझ्यासारख्याला त्या दृश्याने गहिवरून आले. परंतु या धावपळीचा एक परिणामही ध्यानात घ्यावा लागतो. लोक जखमीला सर्वांत जवळच्या रुग्णालयात नेतात. ते तुडुंब भरते आणि थोड्या अंतरावरचे रिकामे राहते. शिवाय चालता येणारे आधी पोहोचतात आणि गंभीर जखमी मागाहून येतात. जगभरातील आपत्तींचा हाच अनुभव आहे. त्या बसच्या रात्री मी जे पाहिले, ते अपवाद नव्हते, नियमच होता.

चौथा दिवस २६ नोव्हेंबर २००८. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार करून दोन अतिरेकी कामा रुग्णालयात शिरले. आजवर जखमी रुग्णालयाकडे येत. त्या रात्री शस्त्रच रुग्णालयात आले. प्रसूतिपूर्व कक्षात त्या वेळी २० गर्भवती स्त्रिया होत्या आणि अंजली कुलथे नावाच्या परिचारिका ड्यूटीवर होत्या. त्यांनी दारे लावली, सर्व स्त्रियांना कक्षालगतच्या लहानशा पँट्रीत हलविले आणि रात्रभर त्यांना धीर दिला. एका स्त्रीला कळा सुरू झाल्या, तेव्हा भिंतीच्या आडोशाने तिला प्रसूतिकक्षापर्यंत नेले. पुढे त्यांनी न्यायालयात उभे राहून साक्षही दिली. कोणते दार कोठे उघडते, कोणती खोली आतल्या बाजूला आहे, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांच्या धैर्याला वाट सापडली.

संकट रुग्णालयाच्या आतच उद्भवू शकते, याचा हृदयद्रावक दाखला ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्यातही मिळाला. तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून १७ पैकी १० बालके दगावली. सातांना वाचविण्यात यश आले.

भिंती पडतात, तेव्हा

दोन भूकंपांनी आपल्याला आणखी एक धडा दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच पहाटे, किल्लारी परिसर हादरला. जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. अधिकृत नोंदीनुसार सुमारे ८,००० मृत्यू आणि सुमारे १६,००० जखमी. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास अडकलेल्या माणसाला बाहेर काढल्यावर तो ठीक दिसतो, बोलतो, आणि दोन दिवसांनी त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. चिरडलेल्या स्नायूंतील विषारी द्रव्ये रक्तात उतरल्यामुळे असे घडते. लंडनवरील बॉम्बवर्षावानंतर १९४१ मध्ये एरिक बायवॉटर्स यांनी याचे वर्णन करून ठेवले होते. रुग्ण धडधाकट दिसतो म्हणून त्याला घरी पाठवू नये, हे ज्याला आधी शिकवलेले असते, त्यालाच त्या घडीला आठवते.

दुसरा भूकंप २६ जानेवारी २००१ चा, कच्छचा. भूजमधील सरकारी रुग्णालयाची इमारतच कोसळली. जेथे जखमींनी जायचे, तेच स्थान ढिगारा झाले. तरीही उपचार थांबले नाहीत. उघड्या मैदानात, तंबूंत, सैन्याच्या व नागरी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केल्या. पुढे भूकंपाचे हादरे शोषून घेणारा पाया घालून तेथे नवे रुग्णालय उभे राहिले, हे उत्तमच झाले. परंतु त्या पहिल्या दिवसांत भूजचे रुग्णालय म्हणजे इमारत नव्हती. जिवंत राहिलेली आणि काम जाणणारी माणसे, हेच रुग्णालय होते.

सज्जता म्हणजे काय?

या साऱ्या इतिहासाचा ताळेबंद मांडला, तर सज्जतेची कलमे फार नाहीत आणि ती महागडीही नाहीत.

पहिले, अशा वेळी हुकूम एकाचाच चालावा, आणि तो कोणाचा हे आधी लिहिलेले असावे. मोठे डॉक्टर जागेवर नसतील, तर कोण, हेही लिहिलेले असावे. आपत्ती बहुधा रात्री, सुटीच्या दिवशी किंवा सणाला येते.

दुसरे, दारातच प्रतवारी. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका रुग्णालयाने अग्निशमन दलाच्या साह्याने एक सोपी रीत घालून दिली. ती आता जगभर परिचित आहे. जो चालू शकतो त्याला हिरवी खूण. जो चालत नाही, त्याचा श्वास, रक्ताभिसरण आणि सांगितलेले त्याला समजते की नाही, एवढेच तपासायचे. यांतील काही बिघडलेले असेल तर लाल, थांबू शकेल तर पिवळी, आणि श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नसेल तर काळी. एका माणसामागे एक मिनिटही लागत नाही. आणि दर थोड्या वेळाने पुन्हा फेरी मारून खुणा बदलायच्या, कारण पिवळ्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही. भिंतीशी बसलेला तो शांत गृहस्थ अशा एखाद्या फेरीत सापडला असता.

तिसरे, नोंद. प्रत्येकाला क्रमांक, जमल्यास नाव, नाहीतर कपड्यांचे वर्णन. नातेवाईकांसाठी वेगळी जागा आणि त्यांना खरे उत्तर देणारा एक माणूस. आम्ही रोजमेळात एका रुमालाची नोंद ठेवतो. तेथे तर माणूस असतो.

चौथे, किल्ली. आपत्तीचे सामान एका कपाटात, आणि किल्ली काचेच्या पेटीत, सर्वांच्या डोळ्यांसमोर.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, रंगीत तालीम. नाटक मंडळी पडदा उघडण्यापूर्वी ती करतात. रुग्णालयाने वर्षातून निदान दोनदा, त्यांतील एकदा रात्री, ती करावी. तीत डॉक्टर व सिस्टर असाव्यातच, पण मामा, मावशी, पहारेकरी, लिफ्टवाला, रक्तपेढीचा कारकून आणि भांडारपाल हेही असावेत. आपल्याकडे २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, आणि राष्ट्रीय प्राधिकरणाने २००७ मध्ये याच विषयावर सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. म्हणजे कागद आहे, वाहन आहे. कागदावरचे हातात उतरते ते तालमीतूनच. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्या पूर्वजांनी सांगूनच ठेवले आहे.

देणगीदारांनी काय करावे?

येथे दोन जुन्या दानांची आठवण करून देतो. मुंबईतील कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले, तेव्हा स्त्रियांवर स्त्री-डॉक्टरांनीच उपचार करावेत, हा त्यामागील विचार होता, आणि एडिथ पीची या इंग्लंडहून आलेल्या डॉक्टरांनी तेथील धुरा सांभाळली. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९२६ मध्ये, के. ई. एम. रुग्णालय आणि शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्या देणगीच्या विश्वस्तांनी अट घातली होती की, येथील अध्यापक भारतीयच असावेत. परकीय सत्तेच्या काळात ही अट घालणे सोपे नव्हते. या दोन्ही ठिकाणी विटा आणि चुन्याबरोबरच तेथे काम करणारी माणसे कोण असावीत, याचीही चिंता वाहिली गेली. आपण मधल्या काळात ते विसरलो आणि केवळ वस्तूंचे दाते झालो. त्यांत मीही आलो.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात एक नम्र सूचना. यापुढे आपण एखाद्या रुग्णालयाला यंत्र देऊ, तेव्हा त्याबरोबर दोन तालमींचा खर्चही द्यावा. म्हणजे शिकवणाऱ्यांचे मानधन, कर्मचाऱ्यांच्या जादा वेळेचा मोबदला, चहापाणी. आणि पत्रात “जपणूक व्हावी” असे न लिहिता “वापर व्हावा” असे लिहावे. तालमीला फलक लागत नाही, तिचे उद्घाटन होत नाही, छायाचित्रही फारसे चांगले येत नाही; तरीही ती द्यावी.

माझ्यापुरते सांगायचे, तर लाल, पिवळ्या, हिरव्या आणि काळ्या सुती कापडाचा एकेक तागा मी दुकानात बाजूला काढून ठेवला आहे. मनगटाला बांधण्याजोग्या पट्ट्या कापल्या, तर त्यांतून कित्येक रुग्णालयांची सोय होईल. ज्या रुग्णालयाला हव्या असतील, त्यांनी संस्थेच्या कार्यालयात कळवावे. पट्ट्या पोहोचत्या करण्याची जबाबदारी माझी. अट एकच : त्या भांडारखोलीत न ठेवता दाराशी टांगाव्यात, आणि महिन्याभरात एकदा त्यांच्यासह तालीम करावी.